मैदानाचा प्रभार

वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या क्रीडांगणांवर ज्यांनी तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे माघातल्या पहाटेचा गारठा आणि वैशाखातल्या तिन्हीसांजेचा उकाडा सारख्याच निष्ठेने सोसला, शासनाच्या दप्तरी ज्यांचे पदनाम ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असे भारदस्त नोंदलेले असले तरी गावाने ज्यांना केवळ ‘सर’ म्हणून ओळखले, आणि ज्यांच्या हाताखालून गेलेले खेळाडू आज पोलीस खात्यात, रेल्वेत, शाळांत आणि शेतांत विखुरलेले आहेत, त्या क्रीडाशिक्षकांची एक अख्खी पिढी आता सेवानिवृत्त होत आहे. अमरावतीस काय आणि अकोल्यास काय, निरोपाचा समारंभ सारखाच असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, जुन्या खेळाडूंनी पेटीतून काढून मुद्दाम अंगात चढविलेले विद्यापीठाचे कलर कोट, आणि शेवटी सरांचे दोन शब्द, जे पुरे होण्याआधीच त्यांचा कंठ दाटून येतो. दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीची किल्ली शिपायाकडे जाते आणि मैदानाचा ‘प्रभार’ दुसऱ्याच एखाद्या विषयाच्या प्राध्यापकाकडे सोपविला जातो. त्या प्राध्यापकांना आम्ही दोष देत नाही. हुकूम झाला म्हणून ते सही करतात. परंतु ज्या कार्याचा प्रभार त्यांनी घेतला ते कार्य नेमके काय होते, याची विचारपूस त्या हुकमात कोठेही केलेली नसते.

ते कार्य पाहावयाचे असेल तर बास्केटबॉलच्या मैदानाशेजारी अर्धा तास उभे राहावे. सिमेंटची फरशी दिवसभर तापलेली असते आणि सूर्य मावळल्यावरही तिची धग पायांना लागत राहते. रिंगला जाळी असेलच असे नाही; चेंडूचे चामडे शिवणीपाशी गुळगुळीत झालेले असते. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या एखाद्या खेड्यातून आलेला, कबड्डीत अंग मुरलेला एक मुलगा उजवीकडून धावत येऊन चेंडू सहज रिंगमध्ये टाकतो. डावीकडून येताना मात्र त्याच्या पावलांचा हिशेब चुकतो. डाव्या हाताने टाकावयाचे तर उडी उजव्या पायावर घेतली पाहिजे, आणि तो तर जन्मभर डाव्या पायावरच उडालेला. सर त्याला परत पाठवितात. तो पुन्हा येतो, पुन्हा चुकतो. विसाव्या वेळी चेंडू रिंगमध्ये पडतो तेव्हा मुलाचा चेहरा उजळतो, पण सर मान हलवितात, कारण त्यांचे लक्ष चेंडूकडे नव्हतेच. ते पाय पाहत होते, आणि पाय अजून चुकलेलाच होता. चाळिसाव्या वेळी चेंडू रिंगच्या कडेला आपटून बाहेर जातो आणि सर म्हणतात, “आता बरोबर.” चेंडू बाहेर गेला असता बरोबर म्हणणारे हे नेत्र सिद्ध व्हावयास किती वर्षे लागतात, याचा तपशील कोणत्याही सेवापुस्तिकेत नोंदलेला नाही.

काळ बदलला, खेळ बदलला, आता जुन्यांनी बाजूस व्हावे हे ओघानेच आले, असा एक विचार या संदर्भात ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. या पिढीने जितके बदल पचविले तितके क्वचितच कोणी पचविले असतील. त्यांच्या उमेदवारीच्या काळात सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होई आणि संघाला चेंडू तीस सेकंद राखता येई. २००० साली आंतरराष्ट्रीय महासंघाने दहा-दहा मिनिटांचे चार भाग केले आणि तीस सेकंदांची मुदत चोवीसवर आणली. सहा सेकंद म्हणजे पाहणाऱ्याला काहीच नव्हे. पण चेंडू फिरवीत फिरवीत प्रतिपक्षाचा बचाव सैल करण्याची जी संथ रचना या शिक्षकांनी स्वतः शिकून पुढे शिकविली होती, ती त्या सहा सेकंदांत मोडली, आणि त्यांनी नवी रचना बसविली. तीन गुणांची रेषा १९८४ साली आली तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर गेली. जुन्या मैदानांवर आजही नव्या रेषेच्या आत अर्ध्या मीटरवर जुन्या रेषेचा फिकट कमानदार ठसा दिसतो. जुनी रेषा खरवडून काढणारा आणि सुतळीचे एक टोक खिळ्याला बांधून नवी रेषा आखणारा हात बहुतेक ठिकाणी एकच होता. नियमांच्या बदलाने हे शिक्षक थकले नाहीत. त्यांच्यामागे कोणी आले नाही, हे त्यांचे खरे दुःख आहे.

या खेळाचे माहेर जी अमेरिका, तेथेही गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे थोर आचार्य एकामागून एक निवृत्त झाले. नॉर्थ कॅरोलिनाचे रॉय विल्यम्स २०२१ मध्ये निवृत्त झाले. ड्यूक विद्यापीठात बेचाळीस वर्षे काढून पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणारे माइक शशेफ्स्की आणि व्हिलानोवाचे जे राइट २०२२ मध्ये. सिरॅक्यूजचे जिम बेहाइम सत्तेचाळीस हंगामांनंतर २०२३ मध्ये. आणि व्हर्जिनियाचे टोनी बेनेट यांनी तर ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आला असता, पद सोडले. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, वयही असेल. पण पार्श्वभूमी एक आहे. जुलै २०२१ पासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्यावरची बंधने सैल होत होत जवळपास उठली, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंस थेट पैसे देण्याचा मार्गही खुला झाला. खेळाडूंना मोबदला मिळू लागला हे न्याय्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घामावर कोट्यवधी डॉलरांची उलाढाल होत होती त्यांनाच रिकाम्या हाती ठेवणे हा दीर्घकाळचा अन्याय होता. परंतु त्या न्यायाबरोबरच एक गोष्ट निसटली. पूर्वी मुलगा येई तो साधारणतः चार वर्षांसाठी येई, आणि पहिल्या वर्षी चुकलेला पाय तिसऱ्या वर्षी सुधारण्याइतकी सवड गुरूपाशी असे. आता तो पुढल्या वर्षी असेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

तेथे शिष्य टिकत नाही आणि येथे गुरू नेमला जात नाही. तेथे पैशाचा पूर आहे आणि येथे पैशाचा दुष्काळ, पण सूत्र दोन्हीकडे तुटले ते एकाच जागी: एका जाणत्या माणसाने एका अजाण मुलाजवळ सलग काही वर्षे उभे राहावे, या ठिकाणी. आणि सूत्र म्हणजे काय ते या खेळाच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे पीचफळांच्या टोपल्या टांगून हा खेळ ज्यांनी निर्माण केला ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन खेळले. ॲलनांच्या हाताखाली डीन स्मिथ खेळले. स्मिथांच्या शेजारी साहाय्यक म्हणून दहा वर्षे बसून रॉय विल्यम्स घडले. म्हणजे २०२१ मध्ये जे निवृत्त झाले ते नेस्मिथांपासून चौथे. सव्वाशे वर्षांची ही परंपरा ग्रंथांतून आलेली नाही. ती शेजारी बसून आलेली आहे.

हे वऱ्हाडाला नव्याने सांगावे लागू नये. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्यबंधूंनी केली, तेव्हा त्यांच्यापाशी इमारत नव्हती, अनुदान नव्हते. तालमीची माती आणि ती कशी उकरावी हे जाणणारी माणसे एवढेच भांडवल होते. त्या भांडवलावर मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डी आणि इतर भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले, आणि पुढे स्टॉकहोमच्या लिंगियाद या व्यायाम-महोत्सवात उभे राहिले. मंडळाचे प्रधान सचिव म्हणून दीर्घकाळ धुरा वाहणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तो बहुमान त्या अखंडतेचाही होता. आखाड्याची रीतच अशी की उस्तादाचे गुडघे धरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून पट्टशिष्य त्याच्या शेजारी मातीत उभा असतो. नवी पोरे त्यालाच उस्ताद म्हणू लागतात, आणि एके दिवशी जुने उस्ताद कट्ट्यावर बसून नुसते पाहू लागतात. आखाडा एक दिवसही रिकामा राहत नाही. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणारे तरुण याच जिल्ह्यांत आहेत. त्यांना मैदान हवे आहे, आणि मैदानांना ते हवे आहेत. मध्ये आहे ती केवळ मंजुरी.

ही मंजुरी कशी मिळते ते सामान्य वाचकास ठाऊक असण्याचे कारण नाही. अनुदानित महाविद्यालयातील पद रिक्त झाले म्हणजे ते भरण्याची मागणी करावयाची, बिंदुनामावली तपासून घ्यावयाची, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडून ना-हरकत मिळवावयाची, मग जाहिरात, मग निवड समिती, मग विद्यापीठाची मान्यता. या पायऱ्यांपैकी एकही अनावश्यक आहे असे आम्ही म्हणत नाही. आरक्षणाची आणि निःपक्षपाती निवडीची हमी त्यांतच आहे. पण या सगळ्यांच्या वर शासनाची सर्वसाधारण बंदी असते आणि ती उठते तेव्हा थोडीथोडकीच उठते. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने प्राध्यापक भरतीस मुभा दिली तेव्हा सबंध महाराष्ट्रातील हजाराहून अधिक अनुदानित महाविद्यालयांसाठी शारीरिक शिक्षण संचालकांची १३९ पदे वाट्याला आली. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्याच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. त्या १३९ पदांतून या पाच जिल्ह्यांच्या पदरी कितीसे पडणार, याचा अंदाज वाचकांनीच करावा. नव्या शैक्षणिक धोरणाने क्रीडेला अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान दिले, ही आनंदाची गोष्ट आहे; मात्र श्रेयांक देण्यासाठी मुलाचे पाय पाहणारे कोणीतरी मैदानावर असावे लागते.

आमचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे याहून साधे आहे. मृत्यू किंवा राजीनामा यांमुळे पद केव्हा रिक्त होईल हे कोणी सांगू शकत नाही, हे खरे. पण सेवानिवृत्तीची तारीख तर कर्मचारी रुजू होतो त्या दिवशीच जन्मतारखेवरून मुक्रर होते. तीस वर्षे आधी ठाऊक असलेली घटना घडल्यावर मग तिची दखल घेण्यास आरंभ करावयाचा, आणि त्या विलंबात पोरांच्या दोन-तीन तुकड्या सरांवाचून पदवीधर होऊन बाहेर पडू द्यावयाच्या, याला कोणतेही आर्थिक कारण पुरेसे नाही. ड्यूक विद्यापीठाने शशेफ्स्कींचा वारस म्हणून त्यांचेच जुने खेळाडू जॉन शायर यांचे नाव त्यांच्या अखेरच्या हंगामापूर्वीच, जून २०२१ मध्ये, जाहीर केले, आणि तो सबंध हंगाम दोघे एकाच बाकावर बसले. तेथील संपत्ती आपल्यापाशी नाही, पण तो एक हंगाम आपल्यालाही देता येईल. निवृत्तीच्या एक वर्ष आधी मागणी मंजूर करून नव्या माणसास जुन्याच्या शेजारी रुजू करून घ्यावे. त्या एका वर्षाच्या दुहेरी वेतनाची तरतूद पाच जिल्ह्यांपुरती केली तरी राज्याच्या तिजोरीस तिचा भार जाणवणार नाही.

पावसाळा संपता संपता आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वेळापत्रक लागेल. बडनेऱ्याहून, मूर्तिजापुराहून, अकोल्याहून मुले-मुली एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्यावर चेंडूंची जाळी घेऊन गाडीत चढतील, आणि काही संघांबरोबर प्रभारी म्हणून आलेले सद्गृहस्थ प्रवासखर्चाच्या पावत्या नीट जपून ठेवतील. त्यांपैकी काही महाविद्यालयांतले सर यंदाच्या वर्षअखेरीस निवृत्त व्हावयाचे आहेत. त्यांच्या जागांची मागणी आजच्या आज सहसंचालकांच्या कार्यालयात गेली, आणि तेथून ती मुंबईस विनाविलंब पोहोचली, तर येत्या हंगामाच्या उत्तरार्धात तरी कोणी तरुण पदवीधर त्या तापलेल्या सिमेंटवर त्यांच्या शेजारी उभा राहील, आणि चेंडू रिंगमध्ये पडला असताही सरांनी मान का हलविली, हे त्यांनाच विचारून घेईल.