‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा फोन

मैत्रिणींनो, दागिने उजळून देतो म्हणणारा माणूस दारात आला की त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावायचे, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. त्याच्या त्या पाण्यात बांगडी बुडाली की सोने पाण्यात राहते आणि हाती येते ती चकचकीत पण हलकी बांगडी, हे आपण आई-आजीकडून ऐकत आलो आहोत. हल्ली मात्र तो दारात येतच नाही. दुपारची झाकपाक करून जरा पाठ टेकावी म्हटलं, की फोनवर येतो. बोलणे मोठे अदबीचे, दर वाक्याला ‘मॅडम’. दिवसभर ‘अगं’ आणि ‘ए आई’ ऐकणाऱ्या बाईला ते बरंही वाटतं, खोटं कशाला बोला!

या विषयावर एका भगिनीचे पत्र आले आहे. नावगाव छापू नका असे तिने दोनदा बजावले आहे. ती घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, दिवाळीत परकर-पोलकी असे करत सहा वर्षांत अडुसष्ट हजार रुपये तिने स्वतःच्या खात्यात जमवले होते. एका संध्याकाळी मेसेज आला, की मागच्या महिन्याचे बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला. यजमान कामावर, मुलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा. तिने फोन लावला. अधिकारी म्हणाला, “बिल भरलेलं दिसतंय मॅडम, पण नोंद झालेली नाही. फक्त दहा रुपये भरा, म्हणजे नोंद होईल.” त्यासाठी त्याने एक ॲप घ्यायला लावले. दहा रुपये गेले आणि पाठोपाठ पंधरा मिनिटांत बाकीचेही गेले.

इथपर्यंतची हकीकत तुम्ही पूर्वीही ऐकली असेल. मला चटका लावला तो पत्राच्या पुढच्या भागाने. पैसे गेल्याचे तिला त्याच रात्री कळले. घरात सांगितले मात्र अकराव्या दिवशी, तेही मुलीच्या क्लासच्या फीसाठी पैसे मागितले गेले तेव्हा. “तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?” हे ऐकावे लागेल, या भीतीने बाई अकरा दिवस स्वयंपाक करत होती, वाढत होती आणि हसत होती.

आधी त्या मेसेजचे बघू. त्या ॲपमुळे आपल्या फोनचा पडदा समोरच्याला त्याच्या फोनवर दिसू लागतो. तुम्ही दहा रुपयांसाठी पिन टाकता, तो तिकडे वाचतो. ओटीपी आला की तोही त्याला दिसतो. महावितरणचा खरा मेसेज कुणाच्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ अशी इंग्रजी अक्षरे असतात, आणि अमक्या अधिकाऱ्याच्या मोबाईलवर बोला असे त्यात कधीच नसते. शिवाय वीज कायदा २००३, कलम ५६ असे सांगते, की थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पुरत्या पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी सांगून रात्री साडेनऊला वीज तोडायला ते काही दिव्याचं बटण नव्हे!

मेसेजची सोंगे बदलतात. कधी ‘केवायसी’ संपले म्हणून खाते बंद होणार असते. कधी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आणि ती उघडायला गेलात की ‘एपीके’ नावाची फाईल फोनमध्ये शिरते. लग्न कुणाचे ते ओळखत नसाल तर अक्षता टाकायची घाई कशाला? आणि ओळखत असाल तर त्यांना आधी फोन करा, कारण त्यांचाच फोन चोराच्या हाती गेलेला असू शकतो. जुना सोफा विकायला काढला की घेणारा लगेच “पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका” म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

आता त्या अकरा दिवसांविषयी. चोरलेला पैसा सरळ चोराच्या घरी जात नाही. तो आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात पडतो. (चार पैशांसाठी पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारी गरजू माणसे असतात. तुमच्या कामवाल्या बाईंना किंवा त्यांच्या मुलाला कुणी असे विचारले, तर त्यात तुरुंगाची वाट आहे हे त्यांना जरूर सांगा.) तिथून तुकडे होऊन तो दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो आणि मग कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडतो. या प्रवासाला थोडा वेळ लागतो, आणि आपल्या हाती असतो तो तेवढाच वेळ. १९३० या नंबरवर तक्रार दिली की ती त्या त्या बँकेकडे जाते आणि पैसा जिथे असेल तिथे अडवून धरता येतो. तासाभरात केलेल्या फोनचा उपयोग होण्याचा संभव मोठा. अकराव्या दिवशी खात्यात उरलेले असते काय?

दुसरा फोन बँकेला. त्यासाठी नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीवरचा घ्या, इंटरनेटवर शोधू नका, तिथे चोरांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत एक फार मोलाची गोष्ट आहे. ग्राहकाने पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे नुकसान. कळवेपर्यंतचे मात्र आपले. आणि आपली कसलीच चूक नसताना, बाहेरच्या कुणी परस्पर पैसे काढले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच भार नाही.

आपण गप्प बसू, हे चोराला पक्के ठाऊक असते, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात तो प्रकार तर त्यावरच उभा आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. कॅमेऱ्यासमोरून हलू नका. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल.” एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका, मुले परदेशी असलेली आजी अशांना हे लोक दिवसचे दिवस असे बसवून ठेवतात आणि मुदत ठेवी मोडायला लावतात. आपल्या कायद्यात अशी फोनवरची अटकच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले होते, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. खऱ्या अटकेतसुद्धा स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी पकडता येत नाही. अगदी अपवादाच्या प्रसंगी तसे करायचे तर स्त्री पोलीस अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. रात्री दहाला व्हिडिओवर धमकावणाऱ्याला हे ऐकवायच्याही भानगडीत पडू नका. फोन ठेवा आणि शेजारचे दार वाजवा.

ही पाने घरातले पुरुषही चोरून वाचतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. हे सगळे काही बायकांनी घालवलेले नाहीत! डॉक्टर, इंजिनियर, बँकेतून निवृत्त झालेले साहेबही त्यात आहेत. तेव्हा बायको किंवा आई पांढऱ्या चेहऱ्याने “अहो, काहीतरी झालंय” म्हणाली, तर आधी १९३० लावा. रागवायचेच असेल तर तक्रारीचा नंबर मिळाल्यावर रागवा. तोवर निम्मा राग उतरलेला असतो.

घरातल्या व्यवस्थेचे म्हणाल, तर भाजीपाला, दूध, रिक्षा यांच्यासाठी एक लहानसे खाते ठेवा आणि फोन त्यालाच जोडा. साठवणीचे पैसे दुसऱ्या खात्यात, यूपीआय न जोडता. डाळीचा मोठा डबा आपण रोज खाली काढत नाही, तसेच हे. १९३० हा आकडा दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. फोनमध्ये लिहून ठेवलात आणि फोनच अडकला तर काय करणार?

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस: उशीर झाला म्हणून तक्रार द्यायची राहू देऊ नका. १९३० वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. तो मेसेज आणि पैसे वजा झाल्याचे मेसेज पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. ते ॲप फोनमधून काढून टाका, पिन बदला. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. “मॅडम, तोंडी सांगितलंत तरी चालेल” म्हणाले तरी चालवून घेऊ नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. त्यासंबंधी चौकशीचा नंबर १४४४८. अर्जाला यजमानांची सही लागत नाही, खाते तुमच्या नावाचे आहे.