सील बदलण्याआधी ते फुटलं का, ते शोधा



आज फवारणीचं वेळापत्रक नाही, ट्रॅक्टरबद्दल बोलायचंय.

इंदिरानगरला राहायचं आणि बाग दिंडोरीला नाहीतर निफाडला, असे आपल्यात बरेच सभासद आहेत. ट्रॅक्टरची भेट आठवड्यातनं एकदा, तीही धुऊन उभा केल्यावर. मग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलेलं तेल दिसणार कुठून? दिसलं तरी आपण म्हणतो, "थोडं पाझरतंय, चालतंय." आमचं मत सरळ आहे: चालत नाही.

टू-व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला ग्रीस मारलं की काम भागतं. बागेतल्या फोर-व्हील मिनी ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मात्र स्वतःच एक गिअरबॉक्स आहे. मध्ये डिफरन्शियल, दोन्ही टोकांना चाकाजवळ गिअर आणि बेअरिंग. आत तेल थोडंच असतं, त्यामुळे थोडी गळतीही जास्तच. आणि ज्या फटीतनं तेल बाहेर येतं, त्याच फटीतनं पाणी आणि चिखल आत जातो.

हे बिघडतं कधी? ऑक्टोबर छाटणीनंतर, पोंगा ते फुलोऱ्याच्या दिवसांत. आभाळ भरलेलं, डाऊनीची भीती, ब्लोअर त्याच ट्रॅक्टरला. तेव्हा भाड्याने मागायला जावं तर प्रत्येकाचा ट्रॅक्टर आपापल्या बागेत. दोन-तीन फवारण्या हुकल्या तर वर्षाचा माल जातो. सीलचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

माझीच चूक सांगतो. डाव्या चाकाचं सील मी एका हंगामात दोनदा बदललं. दोन्ही वेळा "सीलच हलकं निघालं" म्हणून दुकानदाराला बोललो. तिसऱ्यांदा मिस्तरीने आधी एक्सलवरचा ब्रीदर काढला. तो चिखलाने गच्च! काम करताना एक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला ब्रीदरमधनं वाट मिळाली नाही की ती सीलच्या ओठावर दाबते आणि तेल बाहेर काढते. ब्रीदर साफ केला, सील बसवलं, गळती थांबली. दोन सीलं फुकट गेली, ती माझ्या घाईने.

म्हणून गळती दिसली की आधी एवढं बघा:

✅ *ब्रीदर* मोकळा आहे का. बऱ्याचदा सगळं दुखणं इथंच असतं.

✅ *तेलाची पातळी.* ट्रॅक्टर सपाट जागी, थंड असताना. कमी वाईट, तसं जास्तही वाईट. जादा तेल सीलमधनंच वाट काढतं.

✅ *तेलाचा रंग.* दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. टॉप-अप करू नका, सगळं बदला.

✅ *चाकाचा खेळ.* जॅक लावून चाक वर-खाली हलवा. बेअरिंग ढिलं असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

✅ *सुतळी, तार, काड्या.* हबभोवती गुंडाळल्या की सीलचा ओठ कापतात. छाटणी-बांधणीनंतर रोज नजर टाका.

तेल बदलताना मधला एकच नट उघडून भागत नाही. बऱ्याच मॉडेलना दोन्ही टोकांना वेगळे ड्रेन प्लग असतात, ते उघडले नाहीत तर जुनं तेल तिथंच राहतं. नवं तेल सावकाश भरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा पातळी बघा. कोणाला ८०डब्ल्यू-९० गिअर तेल लागतं, कोणाला गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचंच तेल चालतं. शेजाऱ्याला विचारू नका, आपल्या ट्रॅक्टरचं पुस्तक उघडा. किती तासांनी बदलायचं तेही त्यातच आहे. चिखलात ब्लोअर चालवत असाल तर त्याच्या आधीच बदला.

दोन सवयी सोडा. एक, काम संपल्या संपल्या तापलेल्या एक्सलवर प्रेशरचं पाणी मारणं. गरम एक्सल एकदम थंड झाला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. थोडं थांबा, आणि धार सीलवर धरू नका. दुसरी, फोर-व्हीलचा दांडा टाकूनच डांबरी रस्त्याने पळवणं. कोरड्या रस्त्यावर चाकांना घसरायला वाव नसतो, सगळा ताण पुढच्या गिअरवर येतो. शेतात घाला, रस्त्यावर काढा.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गळती पहिल्यांदा चालक दादांना दिसते. पण "तुझ्यामुळेच झालं" असं एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ते सांगत नाहीत, पुसून टाकतात. सांगणाऱ्याला बोलू नका, उलट शाबासकी द्या. मालक शहरात असेल तर ट्रॅक्टरचे डोळे चालकच आहेत.

एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा ऑक्टोबर छाटणीआधी एक्सल तपासायचाच, असं ठरवून टाका. आणि येत्या रविवारी बागेत गेलात की द्राक्षवेली बघण्याआधी पाच मिनिटं खाली वाकून पुढच्या दोन्ही चाकांची आतली बाजू बघा. कोरडी असेल तर उत्तम. ओली असेल तर सोमवारीच मिस्तरीला बोलवा, छाटणीची वाट बघू नका.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, इंदिरानगर, नाशिक 🚜🍇