बिनपासिंगच्या गाड्या आणि आपण



गळीत हंगाम तोंडावर आला, की शेतकी विभागाची लगबग सुरू होते. तोडणी-वाहतुकीचे करार, टोळ्यांची उचल, मुकादमांची मनधरणी, ऊसनोंदीची रजिस्टरे! या धांदलीत एक गोष्ट दरसाल मागे पडते. ती म्हणजे, आपला ऊस ज्या गाडीतून काट्यावर येतो ती गाडी. यंदा तिच्याविषयी चार शब्द हंगामाआधीच लिहावेत असे आम्ही ठरविले. काही मंडळींना ते बोचतील. पण बोलायचे ते वेळेवर बोललेले बरे.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याने आपल्या भागात पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसामागे गाड्या आल्या. आधी लोखंडी धाव बसविलेल्या लाकडी चाकांची बैलगाडी होती. मग रबरी टायरची डनलॉप गाडी आली. पुढे बैलजोडी महाग झाली, वैरण महाग झाली, आणि त्याच टायरगाड्या एकीमागे एक जोडून लहान ट्रॅक्टरला लावल्या जाऊ लागल्या. कुणी त्याला अंगद म्हणते, कुणी जुगाड. या गाड्या कोण बनविते? गावातला वेल्डिंगवाला मिस्त्री. जुना आस, जुने टायर, चार अँगल आणि हातचा अंदाज, एवढ्यावर गाडी उभी राहते. ती स्वस्त पडते, बांधावरून फडात शिरते, आणि नवरा-बायकोच्या एका कोयत्याला ती भरता येते. हिच्यावाचून आपला हंगाम चालणार नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो.

मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बैल जुंपलेले असतील तोवर ही गाडी मोटार वाहन कायद्याच्या बाहेर असते. बैल सोडून ट्रॅक्टरचा हुक अडकविला, की त्या क्षणी ती कायद्याने ‘ट्रेलर’ ठरते. १९८८ च्या कायद्याच्या कलम २(२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर स्पष्टपणे धरलेला आहे. म्हणजे नोंदणी आली, विमा आला, पासिंग आले. गाडी तीच, चाके तीच. पण तिची जात बदलली!

आता मागील हंगामातली गोष्ट सांगतो. सिद्धेश्वरकडून भरून निघालेली अशीच एक जोडगाडी रात्री टायर बसल्याने रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता. एक रिफ्लेक्टर होता, तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला. मोटारसायकलवरून येणारा तरुण थेट मोळ्यांवर आदळला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. नंतर कागद पाहिले, तेव्हा ट्रॅक्टरचा विमा निघाला. गाडीची मात्र नोंदणीच नव्हती. दवाखान्याच्या खर्चासाठी वाहतूकदाराने जमीन गहाण टाकली. तो मुलगा आपल्याच एका सभासदाचा, आणि वाहतूकदारही आपलाच सभासद. एका गाडीने दोन घरे बसली.

त्या गाडीला स्लिप कोणी दिली होती? आमच्याच विभागाने. आम्ही ऊस पाहिला, टोळी पाहिली, गाडीची मागची बाजू पाहिली नाही. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, पण लपविण्यात अर्थ नाही.

त्यानंतर आम्ही ती गाडी बनविणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. म्हणालो, “मिस्त्री, तुम्ही गाडी मजबूत बनविता, मग तिचे पासिंग का करून घेत नाही?” तो हातातला होल्डर खाली ठेवून म्हणाला, “सायेब, पासिंगला कंपनीचा कागद मागतेत. माझी कुठली आली कंपनी? माझी गाडी म्हंजे बिनबापाचं लेकरू. तिला दाखला कोण देणार?”

या उत्तरावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तेव्हापासून आम्ही या विषयाची कायद्याची बाजू चाळू लागलो.

हा प्रश्न आपल्याच शिवारातला नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे कै. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने जुने सुटे भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून चालू होणारी चारचाकी घरच्या घरी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले, की ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडविली जाईल. म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबास मिळालीही. चांगले झाले. परंतु आमच्या मनात येते, की त्या कारागिराचा प्रश्न एका मोठ्या माणसाच्या औदार्याने सुटला, नियमाने नव्हे. आपल्या मिस्त्रीला बोलेरो कोण देणार?

नियम कसकसे बदलले तेही समजून घ्यावे. १९८८ चा कायदा झाला तेव्हा कलम ५२ प्रमाणे वाहनात फेरबदल करावयाचा, तर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून त्याची मंजुरी घेता येत असे. म्हणजे दार अरुंद होते, पण होते. २००० साली हे कलम बदलले. निर्मात्याने मूळ जे ठरवून दिले त्याच्याशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, असे ठरले. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही वाढला. परवानगीवाचून फेरबदल करणाऱ्या मालकास कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नियमबाह्य वाहन विकणाऱ्या निर्मात्यास तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. उद्या कुणी मिस्त्रीला ‘निर्माता’ म्हटले, तर त्याचे दुकान एका गाडीत बुडेल.

उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवून जी जुगाड गाडी करतात, ती मोटार वाहनच आहे आणि तिला नोंदणी व विमा आवश्यक आहे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानातील प्रकरणात सांगितले. तेव्हा “आमची गाडी घरची, तिला कसला कायदा?” ही पळवाट राहिलेली नाही.

हा कडकपणा अन्यायाचा आहे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. विना-ब्रेकची भरलेली गाडी उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. दोन गाड्या असतील तर दुसरी पहिलीला रेटते आणि सगळी साखळी आडवी होते. ट्रकचे फाळके हातभर उंच केले, की भाराचा मध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलते. हे कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालत नाही. रस्त्यावर आपल्याइतकाच शाळेच्या पोरांचा आणि दूधवाल्याचाही हक्क आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. कायद्याने वाईट गाडीला बंदी केली ते योग्य. पण लहान कारागिराच्या चांगल्या गाडीलाही आत येण्याचे दार ठेवले नाही. वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडे तपासून घ्यावयाचा आणि मग त्या नमुन्याबरहुकूम गाड्या काढावयाच्या, ही पद्धत हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला परवडते. वर्षाला आठ-दहा गाड्या करणाऱ्याने काय करावे?

इतरत्र यावर तोड काढलेली आहे. इंग्लंडात हौशी माणसाने घरी बांधलेली मोटार १९९८ पासून एकेकटी तपासून रस्त्यावर आणता येते. २००९ मध्ये त्या पद्धतीची सुधारून नवी व्यवस्था झाली. तपासनीस त्या एकाच गाडीचे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सांधे पाहतो. उतरली तर कागद, नाही तर दुरुस्ती करून पुन्हा या. परदेश राहू द्या, आपल्याकडेच पाहा. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षांवर बंदी घातली. त्यामागे हजारो गरिबांची पोटे होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने नियम केले आणि २०१५ मध्ये कायद्यातच ई-रिक्षाला जागा दिली. अपंग बांधवांसाठी बदललेल्या वाहनालाही २०१९ च्या दुरुस्तीने स्थान मिळाले. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर दार उघडते. मग उसाच्या गाडीनेच काय पाप केले?

काही सभासद म्हणतात, “निजलेल्याला कशाला उठवता? बोभाटा झाला तर गाड्या अडतील, तोडलेला ऊस फडात वाळेल, वजन जाईल, उतारा घसरेल.” ही भीती खोटी नाही. पण अपघात झाल्यावर जी गाडी अडते ती हंगामभर अडते, आणि ज्याचा पाय गेला त्याचा उतारा कोण भरून देणार?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, कारखान्याने आपल्या वर्कशॉपमार्फत टायरगाडीचा एक पक्का आराखडा करावा. त्यात ब्रेक, आसाची ताकद, हुकाचा सांधा, दिव्यांची जागा आणि भाराची मर्यादा ठरलेली असावी. तो तपासणी संस्थेकडे नेण्याचा खर्च कारखान्याने उचलावा आणि परिसरातील मिस्त्री बोलावून त्यांना त्याबरहुकूम काम शिकवावे. एकट्या मिस्त्रीला जे जमत नाही ते दहा हजार सभासदांच्या संस्थेला जमू नये, तर सहकार कशासाठी? दुसरी, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करून, लहान कारागिराचे एकेक वाहन जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयातच तपासून मंजूर करण्याची सोय व्हावी, अशी मागणी राज्यामार्फत केंद्राकडे करावी. हे नियम केंद्राचे आहेत, तेव्हा आवाज तेथवर गेला पाहिजे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे नाही. या हंगामात गाडीच्या मागे व बाजूस रिफ्लेक्टर पट्टी असावी, आणि ती वाढ्यांनी झाकणार नाही अशी लावावी. हुकाच्या पिनेबरोबर वेगळी सुरक्षा साखळी असावी. गाडी बंद पडली तर मागे लांबवर खूण ठेवावी, आणि चाकाखाली लावलेले दगड जाताना रस्त्यावर सोडू नयेत. ट्रॅक्टरवरची कर्णकर्कश गाणी बंद ठेवावीत. मागचा हॉर्न ऐकू आला तरच बाजू देता येते. जादा खेपेच्या लोभाने मोळ्यांवर मोळ्या रचू नयेत. आमच्या विभागापुरते सांगावयाचे, तर स्लिप देण्याआधी गटातील कर्मचारी गाडीच्या मागे जाऊन पाहील आणि कमतरता असेल तर स्लिप थांबवील. त्यावेळी कुणी ओळखीचा, पाहुण्याचा निरोप आणू नये, ही हात जोडून विनंती.

ऊस आपला, गाडी आपली, रस्त्यावरचा माणूसही आपलाच. कायद्याने आपल्या मिस्त्रीला दार उघडावे अशी मागणी करावयाची, तर त्याआधी आपल्या गाडीचा मागचा दिवा लागलेला असला पाहिजे.