लेन्स काढताना घाई नको

नायगावलगतच्या हिंदमाता बाजारातील कापडाची दुकाने रात्री बंद होतात, तेव्हा दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून गल्ल्यावर बसलेल्यांचे डोळे बहुधा शुष्क झालेले असतात. मऊ लेन्स सुकली की डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला चिकटते. ती ओढून काढल्यास पडद्यावरील नाजूक थर खरवडला जातो.

प्रथम साबणाने हात धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावेत. मग वर पाहत मधल्या बोटाने खालची पापणी ओढावी, तर्जनीने लेन्स पांढऱ्या भागावर सरकवावी आणि नख न लावता चिमटीत हलकेच धरून काढावी. चिकटली असल्यास लेन्ससाठीचे थेंब घालून डोळा मिटावा व काही मिनिटे थांबावे. लेन्स दिसेनाशी झाली तरी घाबरू नये. ती पापणीखाली सरकते, डोळ्यामागे जाऊ शकत नाही.

पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या घरांत तेच पाणी लेन्सलाही चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळाच्या पाण्यात असू शकणारा अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव गाळण्याच्या कापडातून सहज पार होतो आणि दृष्टी हिरावू शकतो. उकळलेले पाणीही लेन्सच्या द्रावणाची जागा घेत नाही. पुन्हा वापरायची लेन्स ताज्या द्रावणातच चोळून ठेवावी. एकदिवसीय लेन्स टाकून द्यावी.

लाली, वेदना, अंधुकपणा जाणवल्यास किंवा प्रकाश असह्य झाल्यास लेन्स पुन्हा लावू नये. विनाविलंब नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.