उलट नोंद कोणी करायची?

बँकेत असताना मला वकिलांचे मत वाचायची सवय लागली. पनवेलच्या शाखेत कोणी जमीन तारण ठेवायला आला, की आम्ही पॅनेलवरच्या वकिलांकडून सर्च रिपोर्ट मागवत असू. कोणते फेरफार पाहिले, कोणते खरेदीखत पाहिले आणि कोणता कागद पाहायला मिळाला नाही, हे सारे त्यात लिहिलेले असे. वाचायला रुक्ष, पण त्याच्याच भरवशावर आम्ही लोकांच्या ठेवींतला पैसा कर्जाऊ देत होतो.

पुढे वकिलांचे मत घरात, ऐन जेवणाच्या वेळी ऐकू येऊ लागले. अ‍ॅड. उज्ज्वल निकम हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. जळगावचा हा वकील १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटलाही त्यांनीच चालवला. ६ मे २०१० रोजी कसाबला फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली. २०१६ मध्ये निकमांना पद्मश्री मिळाली. कायद्याची किचकट भाषा त्यांनी न्यायालयाबाहेरच्या कॅमेऱ्यांसमोर सोपी करून सांगितली, म्हणून माझ्या आईलाही खटला कळला. हे ऋण मी नाकारणार नाही.

पण एक गोष्ट अजून सलते. खटला चालू असताना निकमांनी सांगितले, की कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो. देशभर संताप उसळला. मीही ती बातमी चहाच्या टेबलावर तिखटमीठ लावून वाटली. २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमांनीच सांगून टाकले, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होत होती, ती मोडण्यासाठी आपण ते रचले.

कबुली दिली, हा त्यांचा मोठेपणा, असे कोणी म्हणेल. मला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. कसाबविरुद्धचा पुरावा भक्कम होता. त्याला बिर्याणीची फोडणी लागतच नव्हती. वकिलीच्या आचारसंहितेत तर निर्दोषाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने सरकारी वकिलाने खटला चालवावा, असे लिहिले आहे. न्यायालयात साक्षीदाराचे खोटे उलटतपासणीत उघडे पडते. कॅमेऱ्यासमोर उलटतपासणी कोण घेणार?

आमच्या पनवेलने दुसऱ्या तऱ्हेचा वकीलही पाहिला आहे. जासईचे दि. बा. पाटील पाच वेळा इथून आमदार झाले, पुढे खासदारही झाले. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा ते शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाचजणांचे प्राण गेले आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्यांच्या मागे तेव्हा कॅमेरे नव्हते. बोललेला शब्द खरा की खोटा, हे समोर बसलेला शेतकरी सातबारा काढून तिथेच ताडून पाहू शकत होता.

वकिलाने सार्वजनिक कामात पडू नये, असे मी म्हणत नाही. निकम २०२४ ची लोकसभा निवडणूक हरले आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. तो त्यांचा हक्कच आहे. मागणे इतकेच, की पडद्यावर मत देणाऱ्या वकिलाने आपण कोणाच्या बाजूने बोलतो आणि कोणते कागद पाहिले, हे आधी सांगावे.

बँकेच्या खातेवहीत चुकीची नोंद खोडून चालत नाही. तारीख घालून, सही करून उलट नोंद करावी लागते. ती बिर्याणीची गोष्ट मी किती जणांना सांगितली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. म्हणून माझ्यापुरती उलट नोंद आज इथे करतो आहे.