चीनमधील एका सत्राकरिता विद्यापीठ कोणते?

गेल्या पंधरवड्यात एक स्नेही वैद्य आपल्या कन्येस घेऊन आमच्या दीपनगरच्या दवाखान्यात आले. भुसावळ परिसरात त्यांची लहानशी औषधनिर्माणशाळा आहे. कन्येने बी.ए.एम.एस. पूर्ण केले, आंतरवासिताही संपविली. आता एक सत्र चीनमध्ये राहून तेथील पारंपरिक वैद्यक पाहावे, अशी तिची इच्छा आहे. वडिलांचा ओढा बीजिंगकडे, कारण नाव मोठे. मैत्रिणी नानजिंग सुचवितात, कारण सुईचे शिक्षण तेथे चांगले. ‘काका, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून तिने प्रश्न माझ्यापुढे ठेवला. हाच प्रश्न आपल्यापैकी इतरांच्याही घरी येणार असल्यामुळे माझे मत येथे मांडीत आहे.

हा विचार एम.बी.बी.एस.साठी चीनला जाणाऱ्यांचा नव्हे. तो मार्ग किती खडतर आहे, हे बीजिंग येथील भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यांतच दिसते. २०१५ ते २०२१ या काळात तेथे शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी आपल्याकडील पात्रता परीक्षेस बसले आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले. आपल्या कन्येचा मार्ग निराळा आहे. मात्र तिनेही ध्यानात ठेवावे की, चिनी वैद्यक ही आपल्या देशात नोंदणीस पात्र अशी स्वतंत्र पद्धती नाही. त्या सत्राच्या प्रमाणपत्राने पाटीवर एक अक्षरही वाढणार नाही. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा व परिषद आहे. त्यासाठीच जाणाऱ्याने आधी तेथील नियम वाचावेत.

येथे स्वतःची एक फजिती सांगतो. पदवीनंतर काही वर्षांनी मी पंधरा दिवसांच्या एका सुई-वर्गाला बसलो होतो. शुल्क बरेच होते, प्रमाणपत्र सुबक होते. त्या सुया आजही टेबलाच्या खणात पडून आहेत. ज्या विद्येला आपल्या नित्य चिकित्सेत जागा नाही, ती हाताला लागत नाही, एवढे मी त्यातून शिकलो.

आता विद्यापीठांकडे वळू. बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू येथील चिनी वैद्यकाच्या संस्था १९५६ मध्ये एकाच वेळी स्थापन झाल्या. नानजिंगची त्याहून दोन वर्षे जुनी. म्हणजे वयाने सर्व बरोबरीच्याच. १९७५ पासून परदेशी वैद्यांसाठी ॲक्युपंक्चरचे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण बीजिंग, शांघाय व नानजिंग येथे सुरू झाले. त्यामुळे मैत्रिणींचा सल्ला सुईपुरता योग्यच आहे.

वडिलांनी नोबेलचा दाखला दिला. टू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले ते बीजिंगमधील कामासाठी, हे खरे. पण ते काम विद्यापीठात नव्हे, संशोधन अकादमीत झाले. शिवाय त्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर; चिनी वैद्यक त्यांनी अडीच वर्षे बसून शिकले होते. आपल्या दृष्टीने त्या शोधाचे मर्म कल्पनेत, म्हणजे औषध करण्याच्या रीतीत आहे. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात विषमज्वरावर ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. हे वाचून टू यूयू यांनी उष्णता टाळली, कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि १९७१ मध्ये औषध हाती आले. स्वरस आणि क्वाथ यांतील भेद आपण पहिल्या वर्षी पाठ करतो आणि पुढे तयार गोळ्यांच्या डब्यांत विसरून जातो.

म्हणूनच माझे मत चेंगदूच्या बाजूने आहे. सिचुआन प्रांत हे चिनी औषधींचे माहेरघर मानले जाते. अनेक द्रव्यांच्या नावाआधी ‘चुआन’ हे अक्षर लागते, ते या प्रांताचेच. अमुक द्रव्य अमुक भूमीतलेच उत्तम, हा आपला भूमिपरीक्षेचा विचार तेथे अजून बाजारात जिवंत आहे. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात ‘माल कुठला?’ असे विचारणारा वैद्य आता विरळाच. चेंगदूच्या ईशान्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर जियांगयो हे गाव आहे. तेथील ‘फूझी’ म्हणजे आपल्या वत्सनाभाचाच भाऊबंद. हे कंद खारवणात भिजवितात, उकळतात, चकत्या करून पुन्हा धुतात, वाफवितात. आणि काढा करतानाही इतर द्रव्यांच्या आधी बराच वेळ शिजवितात. या संस्कारशास्त्राला तेथे ‘पाओझी’ म्हणतात आणि तो स्वतंत्र अभ्यासविषय आहे.

आपल्या निर्माणशाळांत त्रिभुवनकीर्ती आणि आनंदभैरव रोज तयार होतात. वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात तीन दिवस की दोलायंत्रात दुधात, यावर आपण वाद घालतो. परंतु शोधनानंतर विषांश किती उरला, हे किती जण तपासून पाहतात? लेबलावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापली की आपले कर्तव्य संपते काय? ज्या मुलीला उद्या वडिलांची निर्माणशाळा चालवायची आहे, तिने हेच पाहून यावे. सत्रही वसंतातले, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होणारे घ्यावे. फूझीचे कंद जूनच्या अखेरीस खणू लागतात. सप्टेंबरात गेल्यास वर्गातील नमुनेच पाहावे लागतील.

चेंगदूचा दोष म्हणजे तेथील बोली. व्याख्यान इंग्रजीत मिळाले तरी रुग्ण सिचुआनी ढंगात बोलतो. ग्वांगझौला तर कँटोनीज ही निराळीच भाषा. या एका बाबतीत बीजिंग सरस, कारण तेथील बोली प्रमाण चिनीला सर्वांत जवळची. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. त्यांपैकी कोटणीस तेथेच राहिले, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथील रुग्णालयात काम करीत होते. दुभाष्यामार्फत नाडी आणि जीभ पाहून फार काही कळेल, असे मला वाटत नाही. म्हणून जाण्यापूर्वी वर्षभर भाषा, ही माझी अट आहे. २०२० मध्ये सीमा बंद झाल्यावर विद्यार्थ्यांना दोन वर्षांहून अधिक काळ परतता आले नव्हते, हेही पाहता संपूर्ण शुल्क आगाऊ भरू नये.

स्नेह्यांचा होकार अद्याप आलेला नाही. त्यांना अजूनही बीजिंगच हवे आहे. कन्येने मात्र भाषेची शिकवणी सुरू केली आहे. परवा दवाखान्यात तिने एकच ‘मा’ चार सुरांत म्हणून दाखविला: आई, भांग, घोडा आणि शिव्या देणे. कंपाउंडरने तो चौथ्या सुरात बरोबर उचलला आहे.