नवसाला हसणाऱ्यांस
मला टायफॉईड झाला तेव्हा आई लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला नवस बोलली. सुमारे तीनशे पायऱ्या अनवाणी चढली. पुढे कॉलेजात गेल्यावर मी तिलाच ‘भोळी’ म्हणालो! जुन्नर-आंबेगावात बायकांच्या उपासांना हसणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांना माझा सवाल : पोराचे दुखणे, सोसायटीचे कर्ज, कांद्याचा पडलेला भाव, यांच्या काळजीने घरात रात्रभर कोण जागते? जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिका राणीच्या काळच्या यज्ञांची नि दानांची नोंद दोन हजार वर्षे दगडावर टिकली. या बायकांच्या उपासांची नोंद कुणी ठेवली? श्रद्धेवर टीका अवश्य करा. पण आधी त्यांच्या काळजीचा निम्मा भार उचला. मग नवस किती उरतात ते पाहू!